तुम्ही विचारलंत म्हणून : गोळ्यांनी अंगातली ताकद जाते का?

‘त्या गोळ्या सुरू झाल्या आणि तुमचं चालणं मंदावलं, नाही का?’ मी डिप्रेशनची औषधं घेते हे ज्यांना ठाऊक आहे, ते कधी ना कधी हे विचारतातच. काळजीपोटीच विचारतात. पण माझ्या बाबतीत क्रम उलटा होता. आधी पाय गळाले, गोळी नंतर आली.

मन उदास आहे, असं तेव्हा मला सांगताही आलं नसतं. खुर्चीतून उठताना मात्र दोन्ही हात मांड्यांवर रोवावे लागायचे. जिना कठड्याला धरूनच चढायचा. केस विंचरायला हात वर धरवत नसे. दुखत काहीच नव्हतं, नुसतं त्राण नव्हतं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतलं. ते योग्यच होतं, कारण त्यात बिघाड असला तरी असाच थकवा येतो. सगळं ठीक निघालं, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले.

थकवा आणि हालचाली मंदावणं ही डिप्रेशनची लक्षणंच आहेत, निदानाच्या निकषांत ती धरलेली आहेत. त्यात मध्यमवय. तिशीनंतर स्नायू दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातात. त्याच काळात माणूस अंथरुणाला खिळल्यागत पडून राहिला, जेवणाची वासना गेली, तर वयाची घट आणि आजाराची घट एकमेकींत मिसळतात. चाळिशी-पन्नाशीत ‘आता वय झालं’ म्हणून हे सोडून दिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

औषधं घेणाऱ्यांची शारीरिक क्षमता कमी असते, असं कुठेतरी वाचून लोक घाबरतात. पण औषध बहुधा ज्यांचा आजार जास्त त्यांनाच दिलेलं असतं. मग दोष औषधाचा की आजाराचा, हे नुसत्या तुलनेवरून ठरत नाही.

औषधांचे दुष्परिणाम असतातच. मळमळ, घाम, झोपाळलेपण, हातांना कंप. ट्रायसायक्लिक नावाच्या डिप्रेशनवरच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी उठून उभं राहताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. हे अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा गोळी बदलता येते.

गोळीने मला उठावंसं वाटू लागलं, तेही काही आठवड्यांनी. स्नायू मात्र गोळीने भरत नाहीत, त्यांना कामच द्यावं लागतं. ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये पन्नाशीपुढच्या १५६ डिप्रेशनच्या रुग्णांवर केलेला अभ्यास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. काहींना सेरट्रालीन ही डिप्रेशनवरची गोळी दिली, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती, गोळीवाल्यांना गुण लवकर आला इतकंच. मला दोन्ही लागतं. चालणं, आणि हात न टेकता खुर्चीतून पुन्हा पुन्हा उठणं-बसणं. फिजिओथेरपिस्टनी हे सोपं वाटणारं काम दिलं तेव्हा पहिल्या काही वेळांतच मांड्या थरथरायला लागल्या होत्या.

‘मग आता बरं वाटतंय, तर बंद का करत नाही?’ हा पुढचा प्रश्न. या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं असे त्रास होऊ शकतात, आणि आजारही उलटू शकतो. बंद करायच्या ठरल्या तर मात्रा हळूहळू उतरवत नेऊ. ते मी आणि माझे डॉक्टर मिळून ठरवू.