रिपीट कॉल

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. वर्षभर माळ्यावर पडलेले व्हॅक्यूम क्लीनर एकदम खाली उतरतात आणि एकदम रुसतात. कुणाच्या मशीनमध्ये रांगोळी गेलेली असते, कुणी पीओपीच्या कामाची भुकटी ओढून फिल्टरची पार लादी करून ठेवलेली असते. अशा गर्दीत कोथरूडचा तो कॉल तिसऱ्यांदा आला. तक्रार तीच, ‘ओढत नाही’. आधी दोनदा आमचा नवा पोरगा जाऊन जॉब कार्डवर ‘नो फॉल्ट’ लिहून आला होता. साहेब म्हणाले, आता तू जा.

काका बँकेतून निवृत्त झालेले. मशीनची वेगळी वही, तिच्यात खरेदीची तारीख, तक्रारींचे नंबर, कोण किती वाजता आलं आणि किती मिनिटं थांबलं, सगळं. मला बसायलाही न सांगता म्हणाले, “चौदाशे वॅटचं मशीन आणि गालिच्यातला कचरा निघत नाही. याला काय म्हणायचं?”

वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, ओढतं किती ते नव्हे. हे मी रोज सांगतो आणि रोज गिऱ्हाइकाला ती थाप वाटते. युरोपात २०१७ पासून साध्या घरगुती मशीनला ९०० वॅटच्या आत राहावं लागतं, म्हणून तिथले गालिचे काही मळके राहिलेले नाहीत. काकांनी हे वहीत लिहून घेतलं. पटलं नाही ते नाहीच.

मशीन उघडलं. मोटारीला वीज पोचवणारे कार्बन चांगले, होजला चीर नाही, बॅग अर्धी भरलेली. ओढ मोजायचं गेज लावलं तर काटा जिथे हवा तिथेच. मग होजच्या तोंडावर तळहात ठेवून काकांना आवाज ऐकवला. हवा अडली की मोटारीचा सूर चढतो आणि लोक घाबरतात, वाटतं लोड आला. असतं उलटंच. हवा जात नाही म्हणून पंख्याला काम उरत नाही आणि तो रिकामा भन्नाट फिरतो. वीज मोजायचा क्लॅम्प मीटर लावून दाखवलं, अँपिअर सहावरून खाली आले. काका खूश झाले, पण काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तुम्ही आलात की चालतंच हो ते. तुम्ही गेलात की नाही चालत.”

हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय आणि नव्व्याण्णव वेळा सोडून दिलंय. त्या दिवशी सोडलं नाही, कारण काकूंनी चहा ठेवला होता. तेवढंच कारण.

चहा घेत होतो तेवढ्यात अकराच्या मावशी आल्या. आल्या आल्या त्यांनी पदर खोचला, प्लग लावला आणि हॉलमध्ये मशीन सुरू केलं. माझं लक्ष कपात होतं, पण कान ताठ झाले. मोटारीच्या आवाजात एक बारीक ‘स्स्स’ होतं. मघाशी मी चालवलं तेव्हा ते नव्हतं.

उठून पाहिलं. हँडलवर बोटाएवढी एक सरकती झडप असते, ती मावशींनी सताड उघडी ठेवली होती. ती उघडली की हवा वरूनच आत शिरते आणि खाली ब्रशपाशी नुसता देखावा उरतो. आम्ही तपासताना ती न चुकता बंद करतो. हाताला इतकी सवय की आपण ती बंद केली हेही कळत नाही.

“मावशी, ही उघडी का ठेवता?”

“बंद केली की चिकटतं ना भाऊ. गालिचाच वर येतो. ढकलायला दोन्ही हात लागतात, खांदा भरून येतो माझा.”

पाइप सगळ्यात आखूड केलेला, कारण काका तो तसाच कपाटात ठेवत. तो लांब होतो हे मावशींना माहीत नव्हतं, त्या कमरेत वाकूनच चालवत होत्या. डेमो झाला होता संध्याकाळी, सोफ्यावर काका-काकू बसलेले असताना. आमचा माणूस पाइपला काळं फडकं लावून गादीवर फिरवतो, फडक्यावर पांढरी पावडर दिसते, सगळे ‘अगंबाई’ म्हणतात आणि चेक फाटतो. खरं तर कुठल्याही मशीनला, कुठल्याही वापरातल्या गादीवर ती पावडर येतेच. ही युक्तीही जुनी. १९०१ च्या सुमाराला लंडनच्या बूथ नावाच्या इंजिनिअरनं खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून पाहिली होती, मशीन बनवण्याआधी.

काकांना मात्र आकडा हवा होता. मग काकूंचा केकचा वजनकाटा काढला. पन्नास ग्रॅम रवा गालिच्यावर पसरून पायानं दाबला. मावशींनी नेहमीसारखं फिरवलं, बॅग काढून तोलली, वजन एकोणतीस ग्रॅमनं वाढलं. गालिचा झटकून पुन्हा रवा टाकला आणि झडप बंद करून मी फिरवलं, चव्वेचाळीस. काकांच्या चेहऱ्यावर ‘बघा’ आलं. मी म्हटलं, थांबा, हे माझे हात आहेत, आणि मला एकाच घरी एकदाच फिरवायचं असतं. पाइप मावशींच्या उंचीएवढा केला, झडप अर्धी सारली आणि त्यांना म्हटलं, ढकलू नका, सावकाश आपल्याकडे ओढा. एकेचाळीस.

“खांद्याचं काय?” मी विचारलं.

“येवढं चालेल,” मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, “आवाज कमी होईल का?”

ते माझ्या हातात नव्हतं, तसं सांगितलं. फरशीवर ब्रश बाहेर काढायचं पायाचं बटण दाखवलं. ब्रश आत असला की पट्टी जमिनीला टेकते आणि रव्याचे दाणे आत जायच्या ऐवजी पुढे लोटले जातात. त्यांनी ते चपलेशिवाय, अंगठ्यानं दोनदा दाबून पाहिलं.

काका वहीत लिहीत होते. मधेच मान वर करून म्हणाले, “म्हणजे बॅग भरत जाईल तसे हे आकडेही उतरणार?” उतरणार. युरोपातलं व्हॅक्यूम क्लीनरचं ऊर्जा-लेबल २०१८ मध्ये कोर्टानं रद्द केलं ते याच मुद्द्यावर, चाचणी रिकाम्या बॅगेवर घेत म्हणून. काकांनी याच्याखाली दोन रेघा मारल्या.

जॉब कार्डवर दोष लिहायचा रकाना आला. यादीत मोटार, होज, फिल्टर, कॉर्ड. शेवटी ‘नो फॉल्ट’वरच टिक करावी लागली, तिसऱ्यांदा. सही काकांनी केली.

बूट घालत होतो तेव्हा मावशी कोपऱ्यात उरलेला रवा केरसुणीनं काढत होत्या. दारामागे लक्ष्मीपूजनाची नवी केरसुणी कागदात गुंडाळून उभी होती, पण ती अजून वापरायची नव्हती, म्हणून जुनीनंच.