दुसरी डिस्कही ११०० किमीवर ठोके देऊ लागली: घोळ चाकाच्या हबवर डिस्क टेकते त्या बैठकीत

बाइकच्या पुढच्या ब्रेकबद्दल मागच्या नोंदीत ‘नवी डिस्क बसली, विषय मिटला’ असं लिहिलं होतं. ते मागे घ्यावं लागतंय. दुसरी डिस्क २,३१० किमीला बसली आणि ३,४१० ला लिव्हर पुन्हा बोटाला ठोके द्यायला लागला. पहिलीनं ११५० ला सुरुवात केली होती. दोन वेगळ्या डिस्क आणि अंतर जवळपास तेच. हा आकडा आधीच डोळ्यात खुपायला हवा होता. डिस्कच खराब असती तर दुसरीनं वेगळं वागायला हवं होतं.

लक्षण तेच आहे: ६० वरून हलका ब्रेक दाबत २० पर्यंत आणलं की लिव्हर आत-बाहेर होतो आणि हँडल किंचित थरथरतं. ब्रेक सोडला की गाडी लोण्यासारखी. म्हणून टायर, बॅलन्सिंग आणि कोनसेट (हँडलचं बेअरिंग) यादीतून बाहेर. एबीएसचे (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) ठोके असतील का, असं पुन्हा विचारलं गेलं. नाही. एबीएसचे ठोके चाक लॉक व्हायच्या बेतात असताना येतात आणि भराभर येतात. हे ठोके चाकाशी बांधलेले आहेत. पुढचा १००/८०-१७ टायर एका फेरीत साधारण १.८५ मीटर जातो, म्हणजे ताशी २० ला सेकंदाला ३ फेऱ्या आणि ६० ला ९. ताशी २० ला ठोके मोजले तर सेकंदाला तीनच भरतात. आणखी एक बारीक गोष्ट: दोन जोरदार ठोक्यांच्या मधोमध एक मऊ ठोकाही जाणवतो. त्याचा अर्थ पुढे येईल.

सर्व्हिस सेंटरनं आतापर्यंत पॅड एकदा बदलले, ब्लीडिंग (ब्रेक ऑइलमधली हवा काढणं) दोनदा केलं आणि डिस्क एकदा बदलली. ब्लीडिंगनं लिव्हरचा स्पंजपणा जातो, ठोके जात नाहीत. ऑइलमध्ये हवा असेल तर लिव्हर सगळीकडे सारखाच मऊ लागेल, चाकाच्या एका जागी नाही. नव्या गाडीत डॉट ४ ब्रेक ऑइल पाणी शोषून खराब होण्याइतका वेळही गेलेला नसतो. तरी ‘एकदा ब्लीड करून बघू’ हे ठरलेलं उत्तर, ताप आला की क्रोसिन तसं.

या वेळी आधी माप आणि मग जॉब कार्ड (सर्व्हिस सेंटरमधली तक्रारीची नोंद), असा क्रम ठेवला. बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा डायल गेज ०.०१ मिमीचा, पुण्याच्या बेकर कंपनीचा. वाळूज एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये काम करणाऱ्या कुणाची ओळख असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही, एका संध्याकाळपुरता मागून आणा. मॅग्नेटिक स्टँड मात्र थेट चालत नाही, कारण फोर्कची खालची नळी ॲल्युमिनियमची असते आणि चुंबक धरत नाही. ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घ्या, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला आणि दोन होज क्लिपांनी पट्टी नळीवर आवळा. त्यावर चुंबक खिळल्यासारखा बसतो.

गाडी मेन स्टँडवर, मागे सीटवर एक माणूस, पुढचं चाक हवेत. पॅड कॅलिपरसकट (पॅड धरणाऱ्या भागासकट) बाहेरून हलके दाबून मागे सारले. डिस्कला भोकं आहेत आणि गेजची टोकदार सुई त्यात पडते, म्हणून चपटी टिप लावून भोकं नसलेला कडेजवळचा पट्टा धरला. काटा साधारण १ मिमी दाबून शून्य केला. फिरवताना चाक एका बाजूला हलकं रेटून धरायचं, नाहीतर बेअरिंगची ढिलाईच मापात येते. हे सगळं झाल्यावर लिव्हर चार-पाच वेळा पंप करून पॅड जागेवर आणल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पहिला दाब हवेत जातो.

रनआउट, म्हणजे फिरताना डिस्कचं बाजूला डोलणं, आला ०.१७ मिमी. गॅरेजच्या भाषेत, डिस्क सतरा शतांश आऊट मारते. इथेच सगळे फसतात. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कमाल मर्यादा ०.३० असते, काहींत ०.१०. ०.३० वाला कागद समोर ठेवला की ‘लिमिटमध्ये आहे’ म्हणून गाडी परत मिळते. कागदानुसार ते खोटंही नाही. सरकत्या कॅलिपरच्या ब्रेकमध्ये इतक्या रनआउटनं लगेच ठोके येत नाहीत, कारण डिस्क डोलली की कॅलिपर पिनांवर तिच्यासोबत डोलतो.

ठोके येतात डिस्कची जाडी सारखी नसली की, आणि ती असमान होते ब्रेक न दाबता. मोकळी गाडी पळत असताना डिस्कचा उंच भाग दर फेरीला बाहेरच्या पॅडला पुसून जातो आणि समोरचा भाग आतल्या पॅडला. हजारभर किमीमध्ये त्या दोन जागा झिजतात. पातळ जागा पॅडखाली आली की पिस्टन किंचित पुढे जातो, जाड जागा आली की मागे ढकलला जातो, आणि ते लिव्हरमधून थेट बोटात येतं. म्हणूनच पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. आपल्याकडे कापूस आणि उसाच्या ट्रॉल्यांमागची काळी धूळ पॅडमध्ये बसते. ती झीज आणखी लवकर करत असणार.

जाडी मोजायला व्हर्नियर नको, मायक्रोमीटरच हवा. डिस्क आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून, व्हॉल्व्हसमोरची जागा १ धरून ४५ अंशांवर ८ खुणा केल्या. प्रत्येक जागी रॅचेटनं तीनदा माप घेतलं. बहुतेक ठिकाणी ३.९९ मिमी निघाले. ४ नंबरला ३.९६ आणि बरोबर समोर ८ नंबरला ३.९८. जोराचा ठोका आणि मऊ ठोका सापडले. डिस्कवर कोरलेली किमान जाडी ३.५ आहे, म्हणजे ‘डिस्क झिजली, वेअर पार्ट आहे, वॉरंटीत बसत नाही’ या उत्तराला इथे जागाच नाही. जाडी भरपूर आहे, फरक ०.०३ चा आहे.

मूळ बेत तिसरी डिस्क मागायचा होता. मापं कागदावर उतरवताना तो बदलला, कारण गेजचा काटाही ४ नंबरलाच सर्वात वर जात होता. मग तिथे उंच काय आहे, डिस्क की तिच्याखालचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग? यासाठी डिस्क काढून एका बोल्टनं फिरवून बसवायची. पाच बोल्ट आहेत, म्हणजे ७२ अंश. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर डिस्क वाकडी. चाकावर जागच्या जागी राहिली तर हब.

हे घरी करू नका. डायल गेज लावल्यानं काहीच उघडत नाही, पण डिस्कच्या बोल्टवरची रंगाची खूण तुटली की वॉरंटीचं बोलणं तिथेच थांबतं. म्हणून जॉब कार्डवर ‘ब्रेकमध्ये व्हायब्रेशन’ एवढं मोघम लिहू दिलं नाही. मजकूर असा: ‘६० ते २० किमी वेगात चाकाच्या दर फेरीला लिव्हरमध्ये एक ठोका, डिस्क बदलल्यावर ११०० किमीने पुन्हा, रनआउट ०.१७, जाडीत फरक ०.०३, डिस्क ७२ अंश फिरवून तपासणे.’ सोबत ओडोमीटरचा आणि मापांचा फोटो. लक्षण आणि मापं लिहा. ‘हब खराब आहे’ असा निकाल लिहू नका, तो त्यांच्या हातून येऊ द्या.

फिरवून बसवल्यावर उंच जागा चाकावर जिथल्या तिथे. डिस्क सुटली आणि एवढ्या दिवसांचं कोडंही: व्हॉल्व्हपासून तिसऱ्या बोल्टच्या भोकाभोवती, मशीन केलेल्या बैठकीवर पेंटचा चंद्रकोरीसारखा ओघळ. पावडर कोटिंगचा थर साधारण ०.०६ ते ०.०८ मिमी जाडीचा असतो. बैठकीचा व्यास १०० मिमीच्या आसपास आणि माप घेतलं ते साधारण २७० च्या वर्तुळावर, म्हणजे ०.०६ चा तिरपेपणा तिथे २.७ पटीनं वाढून ०.१६ होतो. गेजवर ०.१७ होता. असा हिशेब जुळला की जेवण गोड लागतं.

वर्कशॉपचा पहिला प्रस्ताव होता पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून घासायचा. तो थांबवला. अंगठ्यानं खड्डा पडतो. सपाट ऑइल स्टोन बैठकीवर आडवा ठेवून फक्त ओघळ जाईपर्यंत फिरवला. मार्करनं बैठक रंगवून डिस्क कोरडीच आवळून काढली. शाई पाचही बोल्टांभोवती सारखी दबली होती. आधी हा प्रयोग केला असता तर तिसऱ्या बोल्टपाशी ती पुसली गेली असती आणि समोर तशीच राहिली असती. गेज नसलेल्या वर्कशॉपमध्ये एवढं तरी करून घ्या. आता रनआउट ०.०५.

जुनीच डिस्क परत बसवायची तयारी सुरू होती, ‘आता सरळ झाली ना’ म्हणून. नाही. हब सरळ झालं, पण त्या डिस्कमधली ०.०३ ची असमानता तिच्यातच आहे. ठोके तसेच राहिले असते आणि हबचं निदान चुकीचं ठरलं असतं. उलट, नुसती डिस्क बदलणं एकदा करून झालंय. दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं. पॅडही नवे, कारण जुन्यांचा चेहरा जुन्या डिस्कसारखा झालेला असतो. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड टाकायचा विचार मागे लिहिला होता, तो वॉरंटी संपेपर्यंत रद्द.

डिस्क आणि पॅड वॉरंटीतून मंजूर झाले, चाक नाही. चाकाचा आग्रह सोडला, कारण नव्या चाकाची बैठक स्वच्छच असेल याची खात्री कोण देणार? दुरुस्त केलेलं चाक मोजलेलं तरी आहे. मात्र ‘हबच्या बैठकीवरील पेंट काढला’ हे जॉब कार्डवर लिहून घेतलं. कुणाचं तिसऱ्या फेरीतही अडलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षं मुदत, आणि वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तिथेही जॉब कार्डच बोलतं.

बसवताना पाहायच्या गोष्टी: भोकांमधला जुना थ्रेड लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) साफ, नवा निळा, एकेक थेंब. बोल्ट ताऱ्याच्या क्रमानं, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचनंच. इम्पॅक्ट गन दिसली की हात पुढे करून थांबवा. त्यानं सरळ बैठकीवरही डिस्क वाकडी बसू शकते. एबीएसची रिंग आणि सेन्सर यांच्यात कचरा अडकलेला नाही हे बघा. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच. साध्या ग्रीसनं रबर फुगतं, पिन अडकते आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो.

तिसरी डिस्क ३,४८० किमीला बसली. आठही जागी ४.००, फक्त ६ नंबरला एकदा ३.९९ आलं, ते मोजणाऱ्या हाताचं असावं. पॅड बसवायला मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत वीसेक वेळा, मध्ये अर्धा किमी थंड होऊ देत. गरम डिस्कवर लिव्हर दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा छाप उमटतो आणि नवाच ठोका तयार होतो. सध्या लिव्हर गप्प आहे, पण दुसऱ्या डिस्कचाही १०९९ व्या किमीपर्यंत गप्पच होता.

जाडी आता ३०० किमीच्या टप्प्यांनी मोजायची, लक्षण येण्याची वाट न बघता. ०.०१ चा फरक दिसला तरी त्याच दिवशी गेज लागेल. ६०० पार झाल्यावर मांजरसुंबा घाट उतरून ब्रेक चांगले तापवायचे. मापं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, डिस्क थंड असताना, त्याच आठ खुणांवर.