पत्त्यातली चूक

चादरीत खोट दिसली की सोलापूरचा जाणता विणकर त्या खोटीवर फार वेळ डोळे रोखत नाही, पुढच्या नक्षीकडे बघतो. मोराच्या पिसाऱ्यात एक ठिपका हुकलाय. पुढच्या मोरातही तो तिथेच हुकलाय का? हुकला असेल तर दोष जकार्डच्या पत्त्यात, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात. हवं तिथे भोक पडलेलं नसतं, सुई अडते, हूक उचलला जात नाही आणि ताण्याचा तो धागा खालीच राहतो. पत्त्यांची माळ फिरून आली की पुन्हा तेच. खोट एकाच मोरात असेल, तर मात्र धागा तुटला आणि उशिरा सांधला, एवढंच.

इंग्रज लेखक टोल्किनच्या कथेतला नायक तूरिन, हूरिनचा मुलगा. त्याला दोष द्यायचा की त्याची कीव करायची, या वादात ही रीत कामाला येते. ‘द चिल्ड्रन ऑफ हूरिन’ २००७ साली स्वतंत्र पुस्तक म्हणून आलं. ते वाचून कुणी म्हणतं, मॉरगॉथने, त्या जगातल्या दुष्टशक्तीने, घराण्यालाच शाप दिला, पोरगा काय करणार? कुणी म्हणतं, शाप कसला, माजच तो.

तूरिनचा जिवलग मित्र बेलेग, त्याचा मृत्यू घ्या. तूरिनला शत्रूच्या तावडीतून सोडवताना, अंधारात बंध कापताना बेलेगच्या हातातली तलवार निसटते, तूरिनच्या पायाला टोचते. तूरिन दचकून उठतो, छळणारेच परत आले समजून तीच तलवार हिसकावतो आणि जिवलग मित्राला मारतो. वीज चमकल्यावर चेहरा दिसतो. वाचक इथे सर्वात जास्त हळहळतात, दोषही इथेच देतात. मला तरी हा तुटलेला धागा वाटतो. बहिणीशी लग्न हाही तसाच; ड्रॅगनने तिची स्मृतीच पुसली होती, आणि त्याने तिला आधी कधी पाहिलीच नव्हती.

पत्ता दिसतो तो दुसरीकडे. ज्या राजाने आश्रय दिला त्याच्या दरबारातला सायरॉस तूरिनशी झालेल्या भांडणात मरतो, तेव्हा राजाचा निवाडा ऐकायला तो थांबत नाही. माफी झाल्याचा निरोप घेऊन बेलेग जंगलात गाठतो, तरी परत जात नाही. बायको ही बहीणच, हे ब्रॅन्डिर नावाचा माणूस खरं सांगतो, तर त्यालाच कापून काढतो. आणि या सगळ्यात मोठा तो नार्गोथ्रॉन्डचा पूल. लपून राहण्यातच ज्या नगराचा बचाव, त्याच्या दारात याने नदीवर भक्कम पूल बांधवला. दूत येऊन सांगतात, पूल पाडा, दगड नदीत फेका. हा त्यांनाच झिडकारतो. मग ग्लाउरुंग, तोच ड्रॅगन, त्याच पुलावरून आत येतो. गंमत अशी, की नार्गोथ्रॉन्डमध्ये याच काळात तूरिनचा सर्वात जास्त बोलबाला होता.

ऐकायच्या आधी ठरवून मोकळं व्हायचं, ही ती चूक. पत्ता त्याने स्वतः पाडला नाही, हेही खरं. आठव्या वर्षी आईने त्याला परमुलखात धाडलं, पण कुणाच्या दारी आश्रित होणं नको म्हणून स्वतः गेली नाही. पुढेही सगळे नको नको म्हणत असताना आई बाहेर पडली आणि मुलगी, म्हणजे तूरिनची बहीण, ड्रॅगनच्या नजरेत सापडली. तेव्हा कीव पत्त्यापुरती. पण तिसऱ्या मोरातही तेच दिसल्यावर माग चालूच ठेवणाऱ्याला काय म्हणायचं? तूरिनने थांबवला नाही. तो नाव बदलत राहिला: आधी ‘अन्याय झालेला’, मग ‘रक्ताने माखलेला’, शेवटी तुरांबार, म्हणजे ‘नियतीचा स्वामी’. धोट्यात दुसऱ्या रंगाची कांडी घातली म्हणून नक्षी सुधारत नाही.

अखेरीस पस्तिसाव्या वर्षी तो आपल्या तलवारीला विचारतो, माझा जीव घेशील का, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. तलवार हो म्हणते. बेलेगचं रक्त आणि अन्यायाने मारलेल्या ब्रॅन्डिरचं रक्त विसरायला मिळेल म्हणून. पुलाचं नाव तीही काढत नाही.