मोहाची दारू आणि खाऊचे पैसे

आज अभ्यासिकेत दहावीच्या पोरांना आयएएस अधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या 'मी एक स्वप्न पाहिलं' या आत्मकथनाबद्दल सांगत होतो. साक्री तालुक्यातलं सामोडे, भिल्ल कुटुंब, जन्माआधीच वडील गेलेले, उसाच्या पाचटाची झोपडी. आई नि आजी मोहाची दारू विकायच्या. गिऱ्हाईकं पोराला खाऊला पैसे द्यायची, त्यातून हा वह्या-पुस्तकं घ्यायचा.

इथवर आलो आणि मागच्या बाकावरचा, कधीच तोंड न उघडणारा पोरगा म्हणाला, "सर, आमच्याकडंबी येतात गिऱ्हाईकं."

वर्गात कुणी हसलं नाही. मला मात्र पुढचं सुचेना. नवोदय, मुंबईत एमबीबीएस, मग आयएएस, नंदुरबारचे कलेक्टर असताना कोरोनाच्या दुसऱ्या लाटेआधीच उभे केलेले ऑक्सिजन प्लांट, सगळं पाठ होतं. भराभर सांगून मोकळा झालो. (खरं तर असल्या यशोगाथा मी जरा जपूनच सांगतो. ज्याला नाही जमलं त्याचाच दोष, असा अर्थ पोरं काढतात.)

सुटल्यावर तो थांबला. वाटलं, आयएएसचं विचारेल.

"सर, त्यांची आई नंतर काय करायची?"

पुस्तक त्याच्याच हातात दिलं. परवा आणून देतो म्हणालाय.