काळा चौकोन

सर पावणेदहाला आले, भाषण साडेअकराचं. परिषदेच्या सभागृहात प्रोजेक्टर, माइक, लॅपटॉप ही सगळी माझी जबाबदारी, त्यामुळे वक्ता एवढ्या लवकर आला की मला आधी बरंच वाटतं. पेन ड्राइव्ह लावला, प्रेझेंटेशन उघडलं, चौथ्या स्लाइडवर क्लिक केलं. स्फटिकाच्या चित्राच्या जागी काळा चौकोन, आणि त्यावर मीडिया चालवता येत नाही अशा अर्थाची एक ओळ. पुढची स्लाइड, तेच. त्याच्या पुढची, तेच.

"अगं, काल रात्री घरच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालत होतं," सर म्हणाले.

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. गंमत म्हणजे ते जवळजवळ नेहमीच खरं असतं.

सर रसायनशास्त्राचे, निवृत्त. १९९७-९८ च्या सुमारास त्यांनी सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवून क्षारांच्या द्रावणात स्फटिक कसे वाढतात याचं चित्रण केलं होतं. एकूण नऊ क्लिप, आवाज नाही, चित्र ३२० बाय २४०. भाषणाचा सगळा मुद्दा त्या नऊ क्लिपवर उभा होता. बाकी स्लाइडवर आलेखसुद्धा मोजकेच.

मदतीला आलेल्या एका मुलाने तोवर एका फाइलच्या नावाच्या टोकाला एव्हीआयच्या जागी एमपी४ करून पाहिलं. दोन्ही व्हिडिओ फाइलींचेच प्रकार. हा उपाय कोण कोणाला शिकवतं देव जाणे. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतलं पीठ बदलत नाही. दुसरा प्रस्ताव कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ दाबून भरणाऱ्या आणि उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा गठ्ठा, उतरवून टाकण्याचा आला. त्यालाही मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या मशीनवर, कार्यक्रमाच्या दीड तास आधी, कुठून आलेत हे माहीत नसलेले शंभर डीकोडर (उलगडणारे प्रोग्राम) घालायचे नसतात. जुन्या कोडेकमध्ये सुरक्षेची भोकंही असतात. २००९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनेच एक्सपीसारख्या तेव्हाच्या विंडोजमध्ये इंडिओ हा जुना कोडेक याच कारणासाठी अडवला होता.

मी एक क्लिप सरळ नोटपॅडमध्ये उघडली. सर दचकले, फाइल खराब होईल म्हणून. सेव्ह केलं नाही तर काही होत नाही. पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसतो, पण एव्हीआयच्या अगदी सुरुवातीला थोडी वाचता येण्यासारखी अक्षरं असतात. 'व्हिड्स' या शब्दाला लागूनच चार अक्षरं होती: सी, व्ही, आय, डी. म्हणजे सिनेपॅक, एक जुना कोडेक. एव्हीआय हा नुसता डबा, १९९२ पासूनचा. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते ही चार अक्षरं सांगतात.

घरी चाललं आणि इथे नाही, याचाही उलगडा तिथेच झाला. सिनेपॅक उलगडणारी विंडोजमधली जुनी फाइल ३२ बिटांची. सरांच्या घरी जुना लॅपटॉप, त्यावर ३२ बिटांचं ऑफिस, दोघांचं जमतं. सभागृहातलं ऑफिस ६४ बिटांचं, कारण २०१९ च्या आवृत्तीपासून सांगितलं नाही तर तेच बसतं. ६४ बिटांच्या प्रोग्रामला ३२ बिटांचा डीकोडर पोटात घेताच येत नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये मात्र क्लिप झटकन चालली, कारण तो आपले डीकोडर स्वतःबरोबर बाळगतो, विंडोजकडे मागत नाही.

म्हणजे एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने क्लिप एमपी४ करून घेतल्या की काम झालं. एवढ्याशा चित्राला वेळ लागत नाही. दोन मिनिटांत आठ फाइली तयार. नववीचं पुढे सांगते. व्हीएलसीत एक उघडून पाहिली, छान चालली. स्लाइडवर घातली.

काळा चौकोन.

तेव्हा मात्र पोटात गोळा आला. दहा वाजून वीस मिनिटं झालेली, सर काही न बोलता चष्मा पुसत होते, आणि माझ्याजवळ एच.२६४ या सर्रास चालणाऱ्या कोडेकच्या नव्याकोऱ्या फाइली, ज्या चालायलाच हव्यात. मी आधी पॉवरपॉइंटवर चिडले. मग फाइल पुन्हा घातली, मग लॅपटॉप बंद करून चालू केला. यातलं काहीही विचार करून केलेलं नव्हतं. शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं: नवी फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलच्या आत काय आहे ते सांगणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. प्रोफाइलच्या ओळीत लिहिलं होतं, हाय ४:४:४ प्रेडिक्टिव्ह.

चूक माझी होती. एफएफएमपेग सिनेपॅक उलगडून आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या, रंगात चित्र देतो. पुढे काही बजावलं नाही, तर एच.२६४ बनवणारा एन्कोडर रंगाची सगळी माहिती जपायची म्हणून ४:४:४ निवडतो. रोजचे व्हिडिओ मात्र ४:२:० असतात, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना, आणि नेहमीचे प्लेअर तेवढंच ओळखतात. व्हीएलसीला दोन्ही चालतात, म्हणून त्याने मला फसवलं. खरं तर मीच त्याला परीक्षक नेमला होता. भाषण पॉवरपॉइंटमध्ये होणार असेल तर तपासणीही पॉवरपॉइंटमध्येच व्हायला हवी.

एफएफएमपेगच्या आदेशात पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही ४२०पी, म्हणजे ४:२:०, एवढंच वाढवलं, पुन्हा चालवलं. स्लाइडवर घातलं. पांढऱ्या सुया काळ्या पार्श्वभूमीवर हळूहळू फुटू लागल्या. सर पुढे झुकले आणि म्हणाले, "डावीकडचा बघ, तो मागून येऊन पुढे जातो."

आता नववी क्लिप. ती पेन ड्राइव्हवर नव्हतीच. पॉवरपॉइंट २००७ पर्यंत व्हिडिओ प्रेझेंटेशनच्या आत जात नसे, फक्त त्याचा पत्ता नोंदला जाई. आत साठवण्याची पद्धत २०१० पासूनची. सरांचं मूळ प्रेझेंटेशन त्याच्या आधीचं. आठ क्लिप शेजारच्याच फोल्डरमध्ये होत्या म्हणून सापडल्या. नववीचा पत्ता, लिंकांच्या यादीत पाहिला तर, घरच्या डी ड्राइव्हवरचा.

सरांनी नातवाला फोन लावला. स्पीकरवर पुढची दहा मिनिटं अशी:

"आजोबा, 'फिल्म्स'मध्ये 'फायनल' आहे."

"त्यात बघ."

"त्यात 'फायनल नवीन' आहे. आणि 'फायनल नवीन खरं'."

"खरं वालं उघड."

क्लिप सहा एमबीची, ईमेलने अकरा वाजून सात मिनिटांनी आली. तोवर लोक खुर्च्यांवर बसू लागले होते. रूपांतर केलं, घातली, एकदा चालवून पाहिली, बरोबर चालली. सरांच्या मूळ फाइली जशाच्या तशा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. त्यांना हात लावायचा नाही हा माझा नियम आहे, कारण एकदा दाबलेल्या चित्राला पुन्हा दाबलं की थोडं तरी निसटतं.

भाषण आठ क्लिपपर्यंत लोण्यासारखं गेलं. स्लाइड आली की स्फटिक आपोआप वाढायला लागायचा, सर बोलत राहायचे. नवव्या क्लिपच्या स्लाइडवर चित्र हललं नाही. घाईत घातलेली ती क्लिप 'व्हेन क्लिक्ड ऑन'वर, म्हणजे चित्रावरच क्लिक केलं तर चालेल अशी, राहिली होती. बाकीच्या आठ मी 'ऑटोमॅटिकली'वर केल्या होत्या. सरांनी स्पेसबार दाबला, स्लाइड पुढे सरकली. मागे आणली. पुन्हा दाबला, पुन्हा पुढे. मी मागच्या केबिनमधून हात वर करून हवेत बोट टेकवत होते. अंधारात त्यांना काय दिसणार.

तिसऱ्या वेळी त्यांनी माउस धरला, बाण सावकाश चित्रावर नेला आणि टिचकी मारली. सुया फुटू लागल्या.

"हा पहिल्यापासून हट्टी आहे," सर माइकवर म्हणाले, आणि पुढे बोलू लागले.