दिवाडीहून आलेली करवत

मार्चात गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या एका मेस्ताकडून जुना टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणारी विजेची करवत, घेतला. मेस्त म्हणजे सुतार. पोर्तुगीज गेले तरी हा शब्द आमच्याकडे राहिला. मेस्ताचे मुलगे बोटीवर, त्याचे स्वतःचे गुडघे गेलेले आणि यंत्र तीन पावसाळे पडवीत ताडपत्रीखाली पडून. ओतीव लोखंडाच्या टेबलाला चिऱ्याचा रंग आला होता. मेस्ताने टेबलावर दोनदा थोपटलं आणि आकडा सांगितला. मी गणिताचा मास्तर, घासाघीस माझ्या रक्तात आहे, पण त्या थोपटण्यापुढे माझं तोंड उघडलं नाही.

टेबल वेगळं, मोटर वेगळी, सांगाडा वेगळा असं करून सगळं पिकअपमध्ये भरलं आणि नार्वेची फेरीबोट पकडली. आमच्या गावचा सप्तकोटेश्वरही मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर देव नदी ओलांडून नार्वेला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. फेरीत उभ्या उभ्या हे बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "देवाला वीज लागत नव्हती."

तिचं बरोबर होतं. मागच्या मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, वायरिंग माझ्या वडिलांच्या काळातलं, अर्थिंगचा पत्ता नाही. २ एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते. पहिल्या दिवशी घरातले दिवे मिचमिचले आणि मोटर नुसती घुमत राहिली. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर मेलेला निघाला. तो बदलला, मीटरपासून वेगळी जाड लाईन ओढली, मांगरामागे अर्थिंगचा खड्डा केला. आणि साधा खटक्याचा स्विच काढून नो-व्होल्ट कॉइलवाला स्टार्टर बसवला; वीज गेली की तो सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. आमच्याकडे पावसात वीज दिवसातून चारदा जाते. जुन्या स्विचवर ती परत आली की पातं आपोआप फिरू लागतं, आणि तेव्हा तुमचा हात कुठे असेल ते सांगता येत नाही. दुसरं काही करू नका, पण एवढं करा.

गंज काढायला रॉकेल आणि काथ्या. मग बारीक एमरी पेपर, मग टर्पेंटाईनमध्ये विरघळवलेलं मधमाशीचं मेण. गाडीचं पॉलिश लावू नका. त्यातलं सिलिकॉन लाकडाला लागतं आणि पुढे पॉलिश करताना वार्निश जागोजागी फाटतं.

खरा वेळ गेला पातं सरळ करण्यात. आडवं कापताना लाकूड ढकलायच्या सरकत्या कोनमाप्याची, म्हणजे मायटर गेजची, टेबलावर जी खाच असते तिला पातं समांतर हवं. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण केली. तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर मोजलं, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजलं. दात तोच ठेवायचा, म्हणजे पातं थोडं वाकडं असलं तरी मापात येत नाही. फरक निघाला ०.७ मिलिमीटर. एवढ्यानेही मागचे दात लाकडाला घासतात, कड करपते आणि फळी फेन्सकडे, म्हणजे जिला टेकवून ती चिरतात त्या बाजूच्या पट्टीकडे, दाबली जाते. टेबलाखालचे चार बोल्ट सैल करायचे, लाकडी हातोड्याने अलगद ठोकायचं, बोल्ट आवळायचे. आवळताना पुन्हा सरकतं. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, शिरेना, तेव्हा थांबलो. याहून बारीक जाण्यात आमच्या हवेत अर्थ नाही, पावसात वीतभर रुंदीची फळीच एक-दोन मिलिमीटर फुगते.

फेन्सही त्याच खाचेशी जुळवली. ते तासाभराचं काम.

पण पात्यामागची पट्टी, रायविंग नाइफ, ती नव्हतीच. मेस्ताला फोन केला. म्हणाला, काढून भिंतीला लावली होती, मग कुठे गेली कोण जाणे. खिडकीच्या चौकटीला खाच मारताना ती लाकडाला आडवी येते, म्हणून काढली. खोटं नाही ते, जुनी पट्टी पात्याच्या वर डोकं काढून असायची. आमच्याकडच्या बहुतेक कारखान्यांत ती अशीच खिळ्यावर जाते. मात्र ती नसली आणि चिरलेली फळी मागे मिटली, की मागचे दात तिला उचलून थेट तुमच्या पोटाकडे भिरकावतात.

म्हणून ती स्वतः केली. माझं ३०० मिलिमीटरचं पातं कापतं ३.२ मिलिमीटर, त्याची चकती जाडीला २.२. पट्टी या दोन्हींच्या मध्ये हवी, म्हणून २.५ चा पत्रा आणला. पात्याच्या गोलाईला समांतर कापला, दातांपासून ५ मिलिमीटर लांब ठेवला. डोकं पात्यापेक्षा २ मिलिमीटर खाली, म्हणजे खाचही मारता येते. ती पात्याबरोबर वरखाली व्हावी म्हणून आर्बरच्या, म्हणजे पात्याच्या दांड्याच्या, गाड्यावर बसवली. पहिली वाकडी झाली, दुसरी जमली. दोन्ही मिळून एक गणपतीची सुट्टी.

मार्चात आणलेल्या करवतीने पहिलं लाकूड सप्टेंबरात कापलं. परसातल्या, वादळात पडलेल्या फणसाची फळी. मांगरभर पिवळाजर्द भुसा उडाला, मास्कवर, भुवयांवर, दाराशी झोपलेल्या मांजरावर. कड अशी आली की रंधा फिरवायची गरज नाही.

लगेच मेस्ताला फोन लावला आणि फोन तसाच बाकावर ठेवून दुसरी फळी चिरली. ऐका म्हटलं तुमचं यंत्र. बंद करून फोन कानाला लावला, तर पलीकडून काही क्षण नुसता श्वास. मग म्हणाला, "बेल्ट ढिलो आसा."

होता.