कोड, वारी आणि माऊली

हातावर कोड आहे म्हणून मी कित्येक वर्षं भर उन्हाळ्यातपण फुल बाह्यांचेच ड्रेस घालायचे. यंदा ज्ञानोबांच्या पालखीसोबत दिवेघाट चढले आणि वर एका आजींनी सरळ माझा तोच हात धरून फुगडी घातली, कपाळाला बुक्का लावला आणि "माऊली" म्हणत माझ्याच पाया पडल्या! वारीत लहानथोर सगळे असे पाया पडतात हे माहीत होतं, पण तेव्हा रडू आवरलंच नाही हो. याच विठोबाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले होते, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. आता हाफ बाह्यांत बिनधास्त भाजीला जाते, पोळ्या लाटताना विठ्ठलाचं नाव घेते. सनस्क्रीन मात्र न चुकता लावते, कोडाची कातडी उन्हात पटकन भाजते.